साधित हक्काची सरहद्द : युरोपातील परदेशी जोडीदार, कागद आणि कथन

स्थलांतरविषयक साहित्याच्या तौलनिक अभ्यासात सरहद्द बहुधा एक स्थळ म्हणून वाचली जाते. नदी, पूल, काटेरी कुंपण, चौकीतला अधिकारी आणि त्याच्या हातातला शिक्का यांच्याभोवती अनेक कथानकांचा उत्कर्षबिंदू रचलेला असतो. समीक्षकही तो तेथेच शोधतो. युरोपच्या संदर्भात मात्र ही प्रतिमा गेल्या तीन दशकांत अपुरी ठरत गेली आहे. लक्झेम्बर्गमधील शेंगेन या गावी १४ जून १९८५ रोजी झालेला करार २६ मार्च १९९५ पासून प्रत्यक्ष अमलात आला आणि सहभागी देशांच्या परस्पर सीमांवरील नियमित तपासणी थांबली. तपासणी थांबली म्हणून सरहद्द नाहीशी झाली असे नव्हे. ती कोणापुरती नाहीशी झाली आणि कोणापुरती उरली, हे समजून घेण्यासाठी नागरिक आणि परका या दोन टोकांच्या मधोमध असलेल्या एका व्यक्तीकडे पाहणे उपयुक्त ठरते. ही व्यक्ती युरोपीय नागरिकाशी विवाहबद्ध आहे, स्वतः युरोपबाहेरील देशाची नागरिक आहे आणि तिच्या निवासाचा निर्णय अद्याप लागलेला नाही.

अशा पत्नीच्या अथवा पतीच्या बाबतीत सरहद्द जागेपेक्षा कालावधीच्या रूपात अस्तित्वात असते, आणि तो कालावधी कागदांनी व कागदांवर मांडलेल्या विवाहकथनाने भरून काढावा लागतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ही यंत्रणा ठाऊक नसेल तर युरोपीय स्थलांतर-साहित्यातील घर, प्रतीक्षा आणि मौन यांचे अर्थ निसटण्याचा संभव असतो.

१. सिद्ध आणि साधित

मराठी व्याकरणात शब्दांची सिद्ध आणि साधित अशी विभागणी केली जाते. सिद्ध शब्द स्वतःच्या बळावर उभा असतो. साधित शब्द मुळाला उपसर्ग अथवा प्रत्यय जोडून तयार होतो. मूळ काढून घेतले तर प्रत्ययाला एकट्याने वाक्यात वावरता येत नाही. युरोपीय संघाच्या कायद्यात परदेशी जोडीदाराला मिळणारा हक्क नेमका या प्रकारचा आहे. एका सदस्य देशातून दुसऱ्या सदस्य देशात जाऊन राहण्याचा मूळ हक्क नागरिकाचा. त्याच्या पत्नीचा वा पतीचा हक्क त्याच्यापासून साधलेला.

या हक्काचे आजचे स्वरूप २९ एप्रिल २००४ च्या निदेशाने निश्चित केले. सदस्य देशांनी तो ३० एप्रिल २००६ पर्यंत आपापल्या कायद्यात उतरवायचा होता. त्यानुसार नागरिकाच्या सोबत येणाऱ्या किंवा त्याला मागाहून येऊन मिळणाऱ्या जोडीदाराला प्रवेश व निवास नाकारता येत नाही. व्हिसा आवश्यक असल्यास तो विनाशुल्क आणि शक्य तितक्या लवकर द्यावा लागतो. यजमान देशाने दिलेले निवासपत्र हाती असेल तर व्हिसाचीही गरज उरत नाही. आणि सलग ५ वर्षांच्या कायदेशीर निवासानंतर कायम निवासाचा हक्क प्राप्त होतो. ‘सोबत येणारा’ आणि ‘येऊन मिळणारा’ या दोन्ही पदांत कर्ता एक आहे आणि गती दुसऱ्यावर अवलंबून आहे, ही बाब वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हा निदेश स्थलांतर करणाऱ्या नागरिकासाठी आहे. जो नागरिक आपला देश कधी सोडतच नाही, त्याच्या जोडीदाराला देशांतर्गत कायदा लागू होतो आणि तो बहुधा अधिक कडक असतो. जर्मनीत ऑगस्ट २००७ पासून बहुतेक परदेशी जोडीदारांना येण्यापूर्वी प्राथमिक जर्मन येत असल्याचा दाखला द्यावा लागतो. भारतात ही परीक्षा मॅक्स म्यूलर भवनात दिली जाते. परंतु जर्मनीत नोकरी करणाऱ्या फ्रेंच नागरिकाच्या भारतीय पत्नीला हा दाखला मागता येत नाही. म्हणजे स्वतःच्या देशात राहणाऱ्या नागरिकापेक्षा देश ओलांडलेल्या नागरिकाचे कुटुंब अधिक सुरक्षित ठरते. जर्मन विधिचर्चेत या विपर्यासाला स्वदेशीयांविरुद्धचा भेदभाव अशा अर्थाची संज्ञा रूढ आहे.

या विपर्यासातून बाहेर पडण्याची एक वाट ज्या निकालाने दाखविली त्याच्याशी एका भारतीयाचे नाव जोडलेले आहे. सुरिंदर सिंग प्रकरणातील पतीने १९८२ मध्ये ब्रॅडफर्ड येथे ब्रिटिश स्त्रीशी विवाह केला. १९८३ ते १९८५ या काळात दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि पुढे व्यवसाय सुरू करण्यासाठी ते ब्रिटनला परतले. विवाह मोडकळीस आल्यावर पतीच्या निवासाचा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या सदस्य देशात काम करून स्वदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला, तो नागरिक अन्य सदस्य देशात गेला असता जे हक्क मिळाले असते, निदान तेवढे हक्क मिळाले पाहिजेत, असा निर्णय लक्झेम्बर्ग येथील न्यायालयाने ७ जुलै १९९२ रोजी दिला. त्यानंतर असंख्य जोडप्यांनी शेजारच्या देशात काही काळ संसार थाटून परत येण्याचा मार्ग स्वीकारला. या मार्गालाही त्या प्रकरणाचेच नाव मिळाले. स्वतःच्या घरी पोहोचण्यासाठी आधी परदेशात जाणे हे कथानक येथे कायद्याने लिहिले.

प्रत्ययाची अवस्था मूळ हलल्यावर स्पष्ट होते. घटस्फोट झाल्यास, विवाह किमान ३ वर्षे टिकलेला असेल आणि त्यांपैकी किमान १ वर्ष यजमान देशात गेलेले असेल, तर जोडीदाराचा निवास टिकू शकतो. परंतु नागरिक जोडीदार घटस्फोटाचा अर्ज करण्यापूर्वीच देश सोडून गेला तर काय, हा प्रश्न आयर्लंडमधील तीन परदेशी पतींच्या प्रकरणात उपस्थित झाला. त्यांपैकी एक भारतीय होता. तिघांच्याही पत्नी युरोपीय नागरिक होत्या आणि त्या आयर्लंड सोडून गेल्यावर घटस्फोटाची कार्यवाही सुरू झाली होती. १६ जुलै २०१५ च्या निकालाने अशा स्थितीत या तरतुदीचा आधार मिळत नाही असे ठरविले. कार्यवाही सुरू होईपर्यंत मूळ तेथे असले पाहिजे. ते आधीच गेले असेल तर प्रत्ययही गेला. कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांत या नियमाची धार कमी करणारा खुलासा २ सप्टेंबर २०२१ च्या निकालात आला. नागरिक निघून गेल्यानंतर वाजवी मुदतीत कार्यवाही सुरू झाली असेल तर पीडित जोडीदाराचा हक्क टिकू शकतो, असे न्यायालयाने सांगितले.

२. कल्पिताचा दाखला

हक्क आणि पुरावा यांच्यातील अंतर हा या विषयाचा गाभा आहे. निवासाचा हक्क कागदामुळे निर्माण होत नाही, कागद तो केवळ जाहीर करतो, असे युरोपीय न्यायालय १९७६ पासून सांगत आले आहे. निदेशानुसार अर्ज करताच त्याची पोच दिली पाहिजे आणि निवासपत्र ६ महिन्यांच्या आत मिळाले पाहिजे. तथापि व्हिसाची सूट देते ते निवासपत्र, पोचपावती नव्हे. परिणामी या महिन्यांत जोडीदाराचा हक्क पूर्ण असतो, पण तो सीमेपलीकडे नेता येत नाही. यजमान देशात तो निर्धास्त असतो; बाहेर पडला तर परत येण्याची खात्री नसते. मायदेशी आईवडील आजारी असले, बहिणीचे लग्न असले वा वडिलांचे दिवस करायचे असले, तरी जायचे की नाही हा निर्णय भावनेवर न राहता पोचपावतीवरील कलमावर येतो.

या मधल्या अवस्थेसाठी प्रत्येक भाषेने आपापली संज्ञा घडविली आहे, आणि तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने हे क्षेत्र विशेष समृद्ध आहे. फ्रान्समध्ये ‘रेसेपिसे’ हाती येते. शब्दाचा अर्थ नुसता ‘पावती’. जर्मनीत १ जानेवारी २००५ पासून लागू असलेल्या निवासविषयक कायद्याच्या कलम ८१ खाली जो कागद दिला जातो त्याचे नाव ‘फिक्त्सिओन्स-बेशायनिगुंग’, म्हणजे शब्दशः ‘कल्पिताचा दाखला’. अधिकाऱ्यांचा निर्णय होईपर्यंत निवास वैध आहे असे कायदा कल्पितो आणि त्या कल्पनेचे प्रमाणपत्र देतो. साहित्याच्या अभ्यासकाला ज्या शब्दाने कादंबरी सुचते, तोच शब्द येथे खिशात बाळगावयाच्या कागदावर छापलेला आहे.

या कल्पितालाही प्रकार आहेत. आधी परवाना होता आणि नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित आहे, अशा वेळी जुना परवाना चालू असल्याचे कल्पिले जाते आणि त्या दाखल्यावर परदेशी जाऊन परत येता येते. पहिल्याच परवान्याचा अर्ज असेल तर केवळ वास्तव्य वैध असल्याचे कल्पिले जाते. देश सोडताच ती कल्पना संपुष्टात येण्याचा धोका असतो. कागद दिसायला सारखाच. फरक एका चौकोनातील खुणेचा. शेंगेन देशांच्या सामायिक सीमासंहितेतही पहिल्या अर्जाच्या निर्णयापर्यंत दिलेला तात्पुरता परवाना ‘निवास परवाना’ या व्याख्येतून वगळलेला आहे. फ्रान्ससंबंधीच्या एका प्रकरणात १४ जून २०१२ रोजी न्यायालयाने सांगितले की अशा तात्पुरत्या परवान्याच्या धारकांनाही प्रवेश नाकारण्याचे सर्वसाधारण नियम लागू होतात. मात्र एखाद्या देशाने त्यांना पुनःप्रवेशाचा व्हिसा दिला असेल तर तो केवळ आपल्याच सीमेवरील ठाण्यांपुरता मर्यादित करता येत नाही.

याहून विचित्र स्थिती ५ एप्रिल २०१० पूर्वी होती. दीर्घ मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसावर आलेली व्यक्ती निवास परवाना मिळेपर्यंत अन्य शेंगेन देशांत मुक्तपणे जाऊ शकत नव्हती. चार दिवसांसाठी आलेला पर्यटक पॅरिसहून ब्रुसेल्सला जाई. कायमचा संसार थाटण्यासाठी आलेल्या पत्नीला ती मुभा नसे. त्या वर्षीच्या नियमाने ही विसंगती दूर झाली. ज्याचा मुक्काम दीर्घ त्याचा पाय अधिक जखडलेला, हा अनुभव त्या काळातील आत्मपर लेखन वाचताना ध्यानात ठेवावा लागतो.

३. सरहद्द कोठे भेटते

जोडीदाराच्या प्रवासात अधिकृत सीमाचौकी बहुधा दुसऱ्या क्रमांकावर येते. त्याआधी विमान कंपनीचा काउंटर येतो. अपुऱ्या कागदांचा प्रवासी आणल्यास वाहतूक कंपनीला दंड होतो, ही तरतूद शेंगेन अंमलबजावणी करारात आहे आणि २००१ च्या निदेशाने ती अधिक कडक झाली. त्यामुळे प्रवाशाच्या हक्कांचा पहिला वाचक हा कायद्याचे प्रशिक्षण नसलेला आणि दंडाच्या भीतीखाली काम करणारा कर्मचारी असतो. तो चूक करील तर ती बहुधा नकाराच्या बाजूने करील, कारण नकाराला दंड नाही.

ब्रसेल्सस्थित वंशवादविरोधी संघटनेने बेल्जियमविरुद्ध चालविलेल्या प्रकरणात न्यायालयाने २५ जुलै २००२ रोजी स्पष्ट केले होते की ओळख आणि विवाह सिद्ध करता येत असतील आणि सार्वजनिक सुरक्षेला धोका नसेल, तर केवळ पासपोर्ट वा व्हिसा वैध नाही एवढ्यावरून जोडीदाराला सीमेवरून परत पाठविता येत नाही. २००४ च्या निदेशानेही परत पाठविण्यापूर्वी कागद मिळविण्याची किंवा अन्य मार्गाने नाते सिद्ध करण्याची वाजवी संधी देणे बंधनकारक केले. पण हे संरक्षण सीमेवर पोहोचलेल्याला आहे. विमानातच चढू न दिलेल्याला ते उपयोगी पडत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये लंडनहून बुडापेस्टला गेलेल्या एका युक्रेनियन प्रवाशाकडे ब्रिटनने कुटुंबीय म्हणून दिलेले कायम निवासपत्र होते. हंगेरीच्या पोलिसांनी व्हिसा नसल्याचे कारण देऊन विमान कंपनीलाच दंड केला. कायम निवासपत्रालाही व्हिसाची सूट आहे हे सांगणारा निकाल १८ जून २०२० रोजी आला. पाच वर्षांचे साधे निवासपत्र सूट देते आणि त्याहून मोठा हक्क दर्शविणारे पत्र देते की नाही, याविषयी एवढा काळ संदिग्धता होती.

सरहद्द आणि संसार यांची गुंतागुंत एकाच ठिकाणी पाहावयाची तर डेन्मार्क आणि स्वीडन यांना जोडणारा ओरेसुंडचा पूल हे उदाहरण घेता येईल. कोपनहेगन आणि माल्मो यांच्यामधील हा मार्ग जुलै २००० मध्ये खुला झाला. दोनच वर्षांनी, २००२ मध्ये, डेन्मार्कने परदेशी जोडीदाराला आणण्यासाठी दोघांचेही वय किमान २४ असावे आणि जोडप्याचा एकत्रित लागाबांधा अन्य कोणत्याही देशापेक्षा डेन्मार्कशी अधिक असावा असे नियम केले. ज्यांना हे जमेना अशी अनेक जोडपी माल्मोला राहावयास गेली. स्वीडनमध्ये डॅनिश नागरिक हा स्थलांतरित युरोपीय नागरिक ठरतो, म्हणून त्याच्या जोडीदाराला साधित हक्क मिळतो. डॅनिश पती वा पत्नी रोज सकाळी पूल ओलांडून कोपनहेगनला कामाला जाई व संध्याकाळी परत येई. परवान्याच्या प्रतीक्षेत असलेल्या जोडीदाराला पलीकडचा किनारा दिसे, तेथे सासरची माणसेही असत, पण तिकडे राहावयास जाण्याचा मार्ग नसे.

लागाबांध्याच्या या अटीतून २८ वर्षे डॅनिश नागरिक असलेल्यांना सूट होती. जन्माने डॅनिश व्यक्तीला ती ओघानेच मिळे. पुढे नागरिकत्व घेतलेल्याला अर्धे आयुष्य थांबावे लागे. टोगो येथे जन्मलेल्या आणि याच कारणाने माल्मोला जावे लागलेल्या एका डॅनिश नागरिकाच्या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २४ मे २०१६ रोजी ही सूट अप्रत्यक्ष भेदभावाची असल्याचा निकाल दिला. त्याच वर्षाच्या जानेवारीत स्वीडनने पुलावरून येणाऱ्या प्रवाशांची ओळखपत्रे तपासण्याची जबाबदारी वाहतूक कंपन्यांवर टाकली होती; ती व्यवस्था मे २०१७ पर्यंत चालली. ज्या पुलाने सरहद्द पुसली असे म्हटले जाई, त्याच पुलावर ती काही काळ पुन्हा दिसू लागली.

४. विवाहाचे कथन आणि त्याचा वाचक

हक्क विवाहापासून साधलेला असल्याने विवाह खरा आहे हे पटवून देणे ओघाने आले. येथे प्रशासन अक्षरशः वाचकाच्या भूमिकेत जाते. बनावट विवाहांना आळा घालण्यासाठी युरोपीय संघाच्या परिषदेने ४ डिसेंबर १९९७ रोजी केलेल्या ठरावात संशयाची लक्षणे दिली आहेत: दोघे एकत्र राहत नसणे, विवाहापूर्वी कधीच भेटलेले नसणे, परस्परांची नावे, पत्ते, व्यवसाय किंवा पहिल्या भेटीची हकीकत यांविषयी सांगण्यात विसंगती असणे, दोघांना समजणारी समान भाषा नसणे, विवाहासाठी पैसे दिले गेलेले असणे. शेवटच्या लक्षणाला एक अपवाद जोडलेला आहे: ज्या देशांत हुंड्याची प्रथा रूढ आहे तेथील नागरिकांच्या बाबतीत हुंड्याची रक्कम संशयास्पद मानू नये. हुंडा देणे-घेणे भारतात १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरलेले आहे. ज्या व्यवहाराला मायदेशाचा कायदा शिक्षा करतो, त्याला युरोपीय ठराव ‘प्रथा’ म्हणून सामावून घेतो. उलट पाहण्याच्या कार्यक्रमात दोन वेळा भेटून ठरलेल्या, सर्वथा कायदेशीर विवाहाकडे त्याच यादीतील अन्य लक्षणे संशयाने पाहतात. व्यवस्थेने जुळविलेला विवाह म्हणजे बनावट विवाह नव्हे, असे युरोपीय आयोगाने २०१४ च्या मार्गदर्शिकेत विशद केले. पण ठरावाची यादी एका विशिष्ट प्रेमकथेची, म्हणजे भेट, ओळख, सहवास आणि मग विवाह या क्रमाची, आदर्श आवृत्ती गृहीत धरून चालते, हे स्पष्ट आहे.

ब्रिटनमध्ये १९८० ते १९९७ या काळात याहून कठोर नियम होता. विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करावयाचे असे. नसलेल्या हेतूचा पुरावा देणे तर्कदृष्ट्याच अवघड, आणि या नियमाचा मोठा फटका भारतीय उपखंडातील पतींना बसला.

या कथनाची भाषांतराची बाजूही आहे. विवाहाचा दाखला शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतरित व्हावा लागतो आणि त्याची सत्यता प्रमाणित व्हावी लागते. परदेशी दस्तऐवजांच्या प्रमाणीकरणाचा १९६१ चा हेग करार भारताला १४ जुलै २००५ पासून लागू झाला. तथापि भारताच्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप नोंदविल्याने उभयतांमध्ये तो लागू झाला नाही आणि दाखल्यांच्या स्वतंत्र पडताळणीची पद्धत चालू राहिली. मराठी स्त्रीच्या नावाची घडण येथे विशेष अडचणीची ठरते. जन्मदाखल्यावर मधले नाव वडिलांचे, विवाहानंतर पतीचे, आडनाव बदललेले, काही घरांत पहिले नावही सासरी बदललेले. युरोपीय अर्जाला नाव आणि आडनाव असे दोनच रकाने ठाऊक असतात. एकाच स्त्रीची तीन कागदांवरील तीन नावे ही मराठी वाचकाला तिच्या आयुष्याची सरळ हकीकत वाटते. परक्या अधिकाऱ्याला ती तीन व्यक्तींची शंका वाटू शकते.

साहित्येतिहासातील एक विवाह या निकषांच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. जर्मन लेखिका आणि अभिनेत्री एरिका मान हिचे नागरिकत्व नाझी राजवटीमुळे धोक्यात आले असता इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडन याने १५ जून १९३५ रोजी इंग्लंडमध्ये तिच्याशी विवाह केला. तत्कालीन कायद्यानुसार ब्रिटिश पुरुषाची पत्नी आपोआप ब्रिटिश होत असे. दोघांचा पूर्वपरिचय जवळजवळ नव्हता, सहजीवन नव्हते, तसा हेतूही नव्हता. विवाह मात्र १९६९ मध्ये एरिकाचे निधन होईपर्यंत कायद्याने टिकून राहिला. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, अभिनेत्री टेरेसे गीझे आणि कादंबरीकार जॉन हॅम्पसन यांचाही असाच विवाह झाला. १९९७ च्या ठरावातील बहुतेक लक्षणे या विवाहांना लागू पडतात. साहित्येतिहास मात्र त्यांची नोंद मैत्रीची आणि नैतिक धैर्याची कृत्ये म्हणून करतो. एकच कृती कोणत्या काळात, कोणत्या वाचकासमोर आली यावर तिचा अर्थ ठरतो, ही गोष्ट साहित्यशास्त्राला नवी नाही. तिचे परिणाम येथे हद्दपारीपर्यंत जातात, एवढाच फरक आहे.

त्या काळच्या कायद्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. परदेशी पुरुषाशी विवाह करणारी ब्रिटिश स्त्री स्वतःचे नागरिकत्व गमावीत असे. व्हर्जिनिया वुल्फ हिने ‘थ्री गिनीज’ या १९३८ च्या पुस्तकात देशभक्तीचा विचार करताना या कायद्याचा आधार घेतला आहे. १९४८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये आणि १९५७ च्या संयुक्त राष्ट्रीय कराराने व्यापक पातळीवर विवाहित स्त्रीच्या नागरिकत्वाला स्वतंत्र स्थान दिले. नागरिकत्व असे सिद्ध झाले. निवासाचा हक्क मात्र साधितच राहिला.

५. गोव्याचा संदर्भ

मराठी आणि कोकणी समाजाच्या अगदी निकट असलेले या विषयाचे उदाहरण गोव्यात सापडते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्या व्यक्तींना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज कायद्यानुसार राष्ट्रीयत्वाची नोंद करता येते. त्यासाठी जन्माच्या आणि विवाहाच्या नोंदी लिस्बन येथील मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवाव्या लागतात. ही नोंद घेऊन अनेक गोमंतकीय युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये गेले. स्विंडन शहरातील गोमंतकीय वस्ती ही त्याची ठळक खूण आहे. ब्रिटन संघात होते तोवर पोर्तुगीज पतीच्या भारतीय पत्नीला तेथे साधित हक्क होता. तिच्या हक्काचे मूळ ज्या देशाच्या नागरिकत्वात होते, तो पोर्तुगाल दोघांनीही कदाचित पाहिलेला नसे.

भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. त्यामुळे पती स्वतःच्या गावी परदेशी होतो आणि पत्नी भारतीय राहते. युरोपात याच्या उलट: तो हक्काचा, ती त्याच्यामुळे आलेली. एकाच दांपत्यातील परकेपण विमानप्रवासात असे जागा बदलते. गोमंतकीय घराच्या कथेत स्थलांतर ‘तारवटी’ पुरुषांच्या आगबोटीपासून चालत आले आहे. त्यात पत्नी मागे राही आणि पत्राची वाट पाही. आता ती सोबत जाते, पण वाट पाहणे संपत नाही. ते पत्राऐवजी निवासपत्राचे होते.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघाबाहेर पडले आणि संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. तोवर तेथे राहणाऱ्यांना ३० जून २०२१ पर्यंत नव्या योजनेखाली अर्ज करावयाचा होता. पाच वर्षे पूर्ण न झालेल्यांना तात्पुरता, ‘पूर्व-स्थायिक’ असा दर्जा मिळाला. त्याच वेळी ब्रिटनने दिलेल्या जुन्या निवासपत्रांना शेंगेन क्षेत्रात असलेली व्हिसाची सूट संपली. विवाह तोच, घर तेच, लंडनहून पॅरिसला जाणारी गाडीही तीच. पण १ जानेवारी २०२१ पासून पतीच्या पासपोर्टवर जाता येते तेथे जाण्यासाठी पत्नीला व्हिसा लागू लागला. हे जोडपे जागचे हलले नव्हते. सरहद्द त्यांच्यामधून गेली.

६. वाचनाच्या दिशा

या सर्व तपशिलांचा साहित्याच्या वाचनाशी संबंध कोणता, याचे उत्तर काही संहितांच्या साहाय्याने देता येईल. आना सेगर्सची ‘ट्रांझिट’ ही कादंबरी १९४४ मध्ये प्रथम अनुवादांतून आणि १९४८ मध्ये मूळ जर्मन पुस्तकरूपात प्रसिद्ध झाली. १९४० च्या सुमारास मार्सेय बंदरात अडकलेल्या निर्वासितांच्या या कथेत राहण्याची परवानगी निघून जाण्याचा हेतू सिद्ध केल्यावर मिळते, आणि पतीचा शोध घेणारी स्त्री मृताच्या नावावरील कागदांच्या जाळ्यात सापडते. सरहद्द येथे समुद्रावर नसून वकिलातीच्या रांगेत आहे. कल्पिताच्या दाखल्याची कल्पना ठाऊक असलेला वाचक या कादंबरीकडे केवळ युद्धकाळाचे चित्र म्हणून पाहणार नाही.

उलट, मोनिका अली यांच्या ‘ब्रिक लेन’ (२००३) या कादंबरीत बांगलादेशातून विवाहाने लंडनला आलेल्या नायिकेच्या कथेत सदनिकेला मध्यवर्ती स्थान आहे. पतीशिवाय दाराबाहेर पडण्याचा संकोच हा तेथे केवळ परंपरेचा परिणाम मानला जातो. साधित हक्काच्या प्रकाशात पाहता, घराचा उंबरठा आणि राज्याची सीमा एकाच पुरुषाशी बांधल्या जाण्याची शक्यता अशा कथांमध्ये तपासून पाहावी लागते. मराठीत गौरी देशपांडे यांच्या लेखनात परदेशी जोडीदार आणि परदेशातील वास्तव्य वारंवार येते. तेथे कागदपत्रांना कथानकात किती जागा मिळते आणि कोणत्या पात्राला त्यांची चिंता करावीच लागत नाही, हा प्रश्न वर्गीय दृष्टीनेही विचारण्याजोगा आहे.

मराठी परंपरेत या अनुभवाला एक जुने नाव आहे. जात्यावरच्या ओव्यांतील सासुरवाशीण माहेरी एकटी जात नाही. तिला न्यायला मुराळी यावा लागतो, आणि तो येईपर्यंत ती वाटेकडे डोळे लावून बसते. युरोपीय निदेशातील ‘सोबत येणारा’ नागरिक हा एका अर्थी मुराळीच आहे. पण साम्य येथे थांबते. मुराळी नात्याने ओळखला जातो, त्याला दाखला मागितला जात नाही, आणि वाट पाहणाऱ्या स्त्रीला आपल्या प्रतीक्षेची ओवी करता येते. कार्यालयातील प्रतीक्षेत जे सांगावे लागते ते रकान्यांत मावणारे आणि दोघांच्या जबान्यांत तंतोतंत जुळणारे असावे लागते. तेथे पाठभेद हा दोष ठरतो. ओवीत तोच जिवंतपणाचा पुरावा असतो.

म्हणून परदेशी जोडीदाराच्या आत्मकथनांत, पत्रांत वा कादंबऱ्यांत जे सांगितलेले नाही त्याकडे अभ्यासकाने विशेष लक्ष पुरवावे लागते. पती-पत्नींमधील भांडण वगळलेले असेल, दुरावा सौम्य केलेला असेल, पहिल्या भेटीची हकीकत फारच नेटकी असेल, तर तो लेखकाच्या शैलीचा भाग असू शकतो. तो निर्णयाची वाट पाहत असताना जडलेल्या सवयीचा अवशेषही असू शकतो. या दोन शक्यतांमध्ये निवड करावयाची तर लेखनाच्या काळी निवेदकाच्या खिशात कोणता कागद होता, हे विचारणे संहितेच्या वाचनाचाच भाग ठरते.